‘वचनदत्त भूमी’ : वायदा यांनी रेमाँट यांच्या कादंबरीचा शेवट बदलला, तो तुम्हाला पटतो का?

बोरीकाठ (अमळनेर)

आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात दर महिन्याला परभाषेतील एक चित्रपट दाखवला जातो आणि त्यानंतर तासभर चर्चा होते. पुढच्या खेपेसाठी मी आंजेय वायदा यांचा 1975 सालचा ‘वचनदत्त भूमी’ हा पोलिश चित्रपट सुचवला आहे. (दिग्दर्शकाचे आडनाव आपल्या कापसाच्या वायदेबाजारातल्या ‘वायद्या’सारखे उच्चारले जाते, हा केवळ योगायोग आहे, पण आमच्याकडे तो सगळ्यांच्या लगेच लक्षात राहिला.) व्वादिस्वाव रेमाँट यांच्या 1899 साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कादंबरी मी 1927 सालच्या इंग्रजी अनुवादातून वाचली आहे, चित्रपट दोनदा पाहिला आहे, आणि शेवटाबद्दल माझे मन अजून एका जागी थांबत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पोलंडमधील वूच या कापडगिरण्यांच्या शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, तीन मित्र स्वतःची गिरणी काढायला निघतात. कारोल बोरोव्येत्स्की हा पडत्या काळातल्या पोलिश जमीनदार घराण्यातला आहे आणि बुखोल्ट्स नावाच्या बड्या गिरणीमालकाकडे कापड छपाईचे खाते सांभाळतो. मोरित्स वेल्ट हा ज्यू व्यापारी आहे. माक्स बाउम हा हातमागावर अडून बसलेल्या जर्मन कारखानदाराचा मुलगा आहे. माझ्याकडे काही नाही, तुझ्याकडे काही नाही, त्याच्याकडेही काही नाही, म्हणजे तिघांचे मिळून मोठी गिरणी काढण्याइतके नक्की झाले, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे पोलंडमध्ये म्हणीसारखे रूढ झाले आहे. गिरणी उभी राहते, जळून जाते, आणि कारोल आपल्या वाग्दत्त वधूला, आंकाला, सोडून म्यूलर या श्रीमंत मालकाच्या मुलीशी लग्न करतो.

येथून पुढे कादंबरी आणि चित्रपट यांच्या वाटा वेगळ्या होतात. कादंबरीत काही वर्षांनी कारोल अपार श्रीमंत झालेला आहे आणि तितकाच रिकामाही. अनाथ मुलांसाठी घर चालवणारी आंका त्याला भेटते. तो रात्रभर जागतो. आपले सुख आपण हरवून बसलो, निदान दुसऱ्यांसाठी तरी ते उभे करावे, या निश्चयापाशी कादंबरी थांबते. चित्रपटात मात्र संप चालू आहे, कारोलच्या वाड्याची खिडकी दगडाने फुटते, थोडा वेळ तो गप्प राहतो आणि मग गोळीबाराला संमती देतो. लाल निशाण धरलेला कामगार रस्त्यावर कोसळतो आणि चित्रपट संपतो.

माझा प्रश्न असा आहे की, मूळ लेखकाने नायकाला दिलेला पश्चात्ताप दिग्दर्शकाने काढून घ्यावा आणि त्या जागी बंदूक ठेवावी, हे कितपत न्याय्य आहे? पुष्कळ समीक्षक रेमाँट यांचा शेवट भाबडा मानतात. मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण माझ्या गावात आहे. ज्या प्रताप शेठजींनी अमळनेरला कापडगिरणी काढली त्यांनीच 1916 साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि ज्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी शिकवले ते त्यांच्याच नावाचे आहे. गिरणीच्या पैशातून विद्येचे काम उभे राहिलेले पाहतच आम्ही वाढलो. त्यामुळे धनिकाचे मन शेवटी वळते, हे मला अशक्य कोटीतले वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझरेपलीकडे (धुळे)

आपला प्रश्न चांगला आहे आणि त्यातला अमळनेरचा दाखला तर फारच नेमका आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मी इतिहास शिकवतो, आणि माझ्या मते तो दाखला वूचलाही लागू पडतो. कार्ल शायब्लर या तेथील सर्वांत मोठ्या गिरणीमालकाने आपल्या कामगारांसाठी विटांच्या लांबच लांब चाळी, शाळा आणि दवाखाना बांधला; त्यातील चाळी आजही उभ्या आहेत. इझ्राएल पोझ्नान्स्की यांनी रुग्णालय बांधले. म्हणजे दानधर्म करणारा गिरणीमालक रेमाँट यांना कल्पनेतून आणावा लागला नाही. पण त्याच शहरात 1892 च्या मे महिन्यात हजारो कामगारांनी संप केला आणि तो सैन्य आणून मोडण्यात आला. 1905 च्या जूनमध्ये पुन्हा रस्त्यांवर अडथळे उभारले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. कादंबरी या दोन घटनांच्या मधली आहे. रेमाँट यांना पहिली ठाऊक होती, दुसरी घडायची होती. वायदा यांना दोन्ही ठाऊक होत्या.

शिवाय वायदा यांचा प्रेक्षक कोण होता, हेही पाहायला हवे. 1970 च्या डिसेंबरात बाल्टिक किनाऱ्यावरच्या गदान्स्क, गदिनिया, श्चेत्सिन या शहरांत भाववाढीविरुद्ध उतरलेल्या कामगारांवर, स्वतःला कामगारांचे म्हणवणाऱ्या सरकारनेच गोळ्या चालवल्या होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1971 मध्ये, याच वूचमधल्या गिरण्यांतील कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, काम बंद ठेवले आणि सरकारला ती भाववाढ मागे घ्यायला लावली. चार वर्षांनी त्याच शहराच्या चित्रपटगृहात बसून पडद्यावरचा गोळीबार पाहणाऱ्या बाईला तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटला असेल, असे मला वाटत नाही. दिग्दर्शकाने भांडवलदाराविरुद्धचा शेवट दाखवला म्हणून सरकारला तो सोयीचा वाटला असणार. परंतु गोळी कोण झाडतो आणि कोणावर, हा प्रश्न त्या देशात तेव्हा एकाच दिशेला बोट दाखवत नव्हता.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती चर्चेच्या वेळी उपयोगी पडेल. 1820 च्या सुमारास वूचची वस्ती हजाराच्याही आत होती. 1897 च्या जनगणनेत ती तीन लाखांवर गेली. पोलंड त्या काळात स्वतंत्र देश नव्हता. हा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आणि 1850 नंतर रशियाकडची जकातीची भिंत उठल्यामुळे वूचच्या कापडाला अफाट बाजारपेठ मिळाली. जर्मन भांडवल, ज्यू व्यापार, पोलिश मजूर आणि रशियन बाजार, असे ते शहर एका आयुष्याच्या आत उभे राहिले. ‘वूच’ या शब्दाचा पोलिश अर्थ होडी असा आहे, आणि त्या गावात सांगण्यासारखी मोठी नदी नाही.

रुई आणि सरकी (चोपडा)

आमचे घर तीन पिढ्या जिनिंगमध्ये आहे, म्हणून मी शेवटाबद्दल बोलण्याआधी मधल्या एका प्रसंगाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते चित्रपटाचा शेवट तेथेच ठरतो.

त्सुकर नावाच्या गिरणीमालकाची बायको लूसी आणि कारोल यांचे गुप्त संबंध आहेत. नवऱ्याला आलेली एक सांकेतिक तार ती कारोलला दाखवते, आणि परदेशी कापसावरची जकात वाढणार आहे ही बातमी जाहीर होण्याआधीच त्याला कळते. यात काय दडले आहे, हे शहरातल्या प्रेक्षकाला एका दमात कळत नाही. आपल्याकडे मात्र बाजार समितीच्या कट्ट्यावर बसलेला कोणीही ते समजावून सांगेल. जकात वाढली की नंतर येणारी प्रत्येक गाठ महाग पडते, पण वाढीच्या आधी हद्दीत आलेल्या गाठींवर जुनीच जकात भरलेली असते. म्हणून ज्याला बातमी आधी कळली तो मिळेल तेथून पैसा उचलतो, मिळेल तेवढा माल घेतो आणि थांबतो. मोरित्स हॅम्बुर्गला धावतो तो त्यासाठीच. त्यांची गिरणी विटांवर उभी राहण्याआधी एका तारेवर उभी राहिलेली असते.

आपल्याकडे 2021 मध्ये आयात कापसावर शुल्क आले, ते सारे मिळून 11 टक्के होते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते काही महिन्यांसाठी माफ झाले. ती बातमी आली त्या दिवशी मी गावातच होतो. बोंडे अजून फुटायची होती, शेतकऱ्याच्या घरात बोटभरसुद्धा कापूस नव्हता, आणि तरीही त्या कापसाचे मोल पारावर बसल्या बसल्या खाली आले. त्या संध्याकाळी मला तो चित्रपट आठवला. आमच्या वडिलांना रुई पाहायची असली की ते चिमूटभर घेऊन दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरतात, हलकेच ओढतात, तुटलेली टोके जुळवून पुन्हा ओढतात, आणि ते तंतू काळ्या बाहीवर ठेवून तार किती लांब आहे ते सांगतात. संपूर्ण चित्रपटात हे तिघे मित्र एकदाही कापूस असा हातात धरत नाहीत. त्यांना गाठींची संख्या ठाऊक असते, जकातीचा दर ठाऊक असतो.

आता शेवटाकडे येतो. ती तार ज्या संबंधातून मिळाली त्याच संबंधाचा संशय येऊन त्सुकर कारोलसमोर उभा राहतो, आणि कारोल चेन्स्तोखोवाच्या मरियमच्या प्रतिमेवर हात ठेवून खोटी शपथ घेतो. पोलिश माणसासाठी ती प्रतिमा काय आहे हे समजायचे असेल तर आपल्या सप्तशृंगीच्या नावाची खोटी आण घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. पुढे त्सुकरला सत्य कळते आणि नवी गिरणी जळते. ज्या माणसाने देवीपुढे डोळ्याला डोळा भिडवून खोटे सांगितले, तो खिडकीच्या काचेपुढे गोळीबाराचा हुकूम देईल यात मला नवल वाटत नाही. वायदा यांनी शेवट बदलला असे म्हणण्यापेक्षा त्या शपथेचा हिशेब त्यांनी शेवटापर्यंत नेला, असे मी म्हणेन. रेमाँट यांनी तो हिशेब वाटेत माफ केला.

तिसरी पाळी (जळगाव)

वरची उत्तरे वाचली, पटलीही, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझे वडील खानदेशातल्या एका कापडगिरणीत साचे खात्यात (म्हणजे मागांच्या खात्यात) होते. गिरणी बंद झाली तेव्हा मी आठवीत होतो. देणी मिळायला जी वर्षे गेली त्याबद्दल येथे लिहीत नाही, तो या धाग्याचा विषय नाही.

गेल्या वर्षी मी हा चित्रपट घरी वडिलांसोबत पाहिला. त्यांना पोलिश कळत नाही आणि इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत. मी अधूनमधून मराठीतून सांगत होतो. सुरुवातीला जमीनदाराच्या वाड्यावरचा निवांत भाग संपतो आणि एकदम धुरांडी व भोंगे येतात, तेव्हा ते खाटेवर सरळ होऊन बसले आणि अहिराणीतून एवढेच म्हणाले, “भोंगा वाजना.” त्यानंतर मी सांगायचे थांबलो, कारण त्यांना सांगण्याची गरज उरली नव्हती. चित्रीकरणाच्या वेळी वूचमधल्या जुन्या गिरण्या उभ्या होत्या, काही चालूही होत्या, त्यामुळे वायदा यांना त्या खोट्या उभाराव्या लागल्या नाहीत, हे मी नंतर वाचले. वडिलांना ते वाचायची आवश्यकता नव्हती. पट्ट्यांवर फिरणारी यंत्रे पाहून कोणत्या खात्यात काय चालले आहे ते तेच मला सांगू लागले. कामगार एकमेकांशी तोंड जवळ नेऊन बोलतात, हे त्यांनी दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. सत्तावीस वर्षे साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचा उजवा कान आता जवळजवळ बंद आहे.

माझे मत असे आहे की दोन्ही शेवट मालकाचेच आहेत. कादंबरीत मालक पश्चात्ताप करतो, चित्रपटात मालक हुकूम देतो. दोन्हीकडे कामगार शेवटच्या पानावर त्याच्या निर्णयाची वाट पाहतो. पण मधे एक प्रसंग आहे, जो वडिलांनी मला पुन्हा लावायला सांगितला. म्हातारा मालिनोव्स्की आपल्या मुलीच्या अब्रूचा जाब विचारायला केसलर या मालकापुढे उभा राहतो, झटापट होते, आणि दोघेही फिरत्या अजस्र चाकात ओढले जातात. पूर्ण चित्रपटात एवढ्याच क्षणी कामगार आणि मालक एका मापाने मोजले जातात. म्हणून बोरीकाठ दादांना सुचवावेसे वाटते की चर्चा केवळ शेवटावर ठेवू नये.

तत्त्वज्ञान मंदिराच्या दाखल्याबद्दलही नम्रपणे लिहितो. शाळा, दवाखाने, मंदिरे उभी राहिली, त्यांचा लाभ आमच्या घरालाही झाला, आणि त्याबद्दल वडील आजही हात जोडतात. तरी दान देणारा हात आणि पगार ठरवणारा हात एकाच माणसाचे असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. रेमाँट पहिल्या हाताबद्दल लिहितात. संपकऱ्यांचे मागणे दुसऱ्या हाताकडे होते, आणि वायदा यांनी निदान कॅमेरा त्या हाताकडे वळवला.

पडद्यामागे (नंदुरबार)

मी थोडक्यात उपयोगाचे लिहितो. या चित्रपटाची 1975 ची मूळ आवृत्ती जवळजवळ तीन तासांची आहे. 2000 साली वायदा यांनी स्वतः ती नव्याने संकलित करून पुष्कळ लहान केली. याखेरीज दूरचित्रवाणीसाठी चार भागांची मालिकाही त्याच चित्रीकरणातून तयार झाली होती. मंडळात दाखवायची असेल तर मूळ आवृत्ती घ्यावी आणि मध्ये दहा मिनिटे थांबावे. लहान आवृत्तीत शहराचा पसारा आक्रसतो, आणि या चित्रपटात शहर हेच मुख्य पात्र आहे. वोय्चेख किलार यांच्या संगीतासाठी ध्वनियंत्रणा चांगली असावी. त्यांचा वॉल्ट्झ (नृत्याची धून) आणि यंत्रांचा ठोका यांची जी गुंफण आहे ती मोबाइलच्या आवाजात ऐकू येत नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. हा चित्रपट ऑस्करसाठी परभाषिक चित्रपटांच्या विभागात नामांकित झाला होता, परंतु अमेरिकेत त्याच्यावर ज्यू पात्रांच्या चित्रणावरून कडक टीका झाली. मूळ कादंबरीत ते चित्रण अधिक तिखट आहे. वायदा यांची बाजू अशी मांडली जाते की पडद्यावर पोलिश, जर्मन आणि ज्यू हे तिघेही सारखेच लोभी आहेत, आणि सर्वांत नीच कृत्य तर पोलिश नायकाच्याच वाट्याला दिले आहे. हे खरे आहे. वोय्चेख प्शोन्याक यांनी मोरित्स ज्या चपळतेने, ज्या भुकेने उभा केला आहे, त्यामुळे तो लोभी असूनही आपल्याला हवाहवासा वाटतो, हेही खरे आहे. तरीसुद्धा त्सुकर आणि लूसी यांच्या दृश्यांत अतिशयोक्ती आहे, असे माझे मत आहे. ज्या शहरातली ज्यू वस्ती दुसऱ्या महायुद्धात जवळपास संपूर्ण मारली गेली त्या शहराबद्दलचा हा चित्रपट आहे, एवढे प्रेक्षकांना आधी सांगितले तर ती दृश्ये पाहताना त्यांच्या मनात आवश्यक तो विचार राहील.

शेवटाबद्दल माझे मत पांझरेपलीकडे सरांसारखेच आहे, त्यात एका गोष्टीची भर घालतो. पश्चात्ताप कादंबरीत मनाच्या आत घडतो. रेमाँट यांनी त्यासाठी अख्खी रात्र वापरली आहे. पडद्यावर तसाच घडवायचा तर नटाचा चेहरा आणि निवेदन एवढीच साधने उरतात, आणि डानिएल ओल्ब्रिख्स्की यांच्यासारखा नट असूनही तीन तासांच्या धावपळीनंतर ते उपदेशासारखे झाले असते. हुकूम देण्याआधी कारोल जो गप्प राहतो, त्या काही क्षणांत मला कादंबरीतली ती रात्र दिसते. फरक एवढाच की येथे ती उजाडत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. कादंबरी विरुद्ध चित्रपट असा माझा प्रश्न होता. त्यातील एक मोठी त्रुटी तिसरी पाळी भाऊंनी दाखवून दिली, आणि ती मी मान्य करतो. रेमाँट यांचा शेवट मला अजूनही खोटा वाटत नाही, परंतु तो शहराच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी वाचत होतो आणि तो एका माणसाच्या रात्रीचा शेवट आहे, हे आता उमगले. ज्या लेखकाने शिंप्याकडे उमेदवारी केली, फिरत्या नाटकमंडळीत दिवस काढले, रेल्वेत किरकोळ नोकरी केली, आणि ज्याला पुढे 1924 साली शेतकऱ्यांवरच्या कादंबरीसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याला माणसाच्या वळण्यावर विश्वास ठेवावासा वाटला असेल तर मी त्याला भाबडा म्हणणार नाही.

कार्यक्रम असा ठरवला आहे : मूळ तीन तासांची आवृत्ती दाखवायची, सुरुवातीला वूचच्या इतिहासाची आणि तेथल्या ज्यू वस्तीची दहा मिनिटे ओळख करून द्यायची, मध्यंतरानंतर, शपथेच्या प्रसंगाआधी, जकातीच्या तारेचा व्यवहार रुई आणि सरकी यांनी येऊन समजावून द्यावा, अशी त्यांना विनंती आहे. चित्रपट संपल्यावर कादंबरीतले शेवटचे प्रकरण मी स्वतः मराठीत करून वाचून दाखवीन. काल रात्री पहिली दोन पाने झाली. चर्चेत मात्र पहिला शब्द गिरणीत काम केलेल्यांचा असेल. तिसरी पाळी भाऊ, आपले वडील येऊ शकतील का? गाडीची व्यवस्था आम्ही करू.

तिसरी पाळी (जळगाव)

वडिलांना विचारले. ते येणार आहेत. त्यांनी दोनच गोष्टी कळवायला सांगितल्या आहेत. बसण्याची जागा ध्वनिवर्धकाच्या जवळ, त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला असावी, आणि सुरुवातीचा भोंगा वाजेल तेव्हा कोणी आवाज कमी करू नये.